केर्नक्रॉसचा एकच सामना

ड्युगीचा वस्तरा माझ्या वरच्या ओठावर होता, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतला म्हातारा म्हणाला, "फुटबॉलात डाव्या टोकाला खेळणारा मी आयुष्यात एकच पाहिला. केर्नक्रॉस. बाकीचे नुसते पळतात." मी दचकलो असणार, कारण ड्युगीनं हात झटकन मागं घेतला आणि आरशातून माझ्यावर डोळे वटारले. "हलू नकोस, वॉट. ओठच गेला तर मिशी काढून काय उपयोग?" मिशी अर्धी गेली होती. उजवीकडचा ओठ गुळगुळीत, डावीकडचं झुडूप अजून जागच्या जागी. शनिवारचे साडेदहा वाजले होते. शहरातल्या पार्टिक भागातली दारं संपवून, पावांचा गाडा रिकामा करून मी नेहमीसारखा ड्युगीच्या दुकानात आलो होतो. बाहेर बेला तोबऱ्यात तोंड घालून उभी होती. ही घोडी माझ्यापेक्षा शहाणी आहे. मी 'पाव!' म्हणून आरोळी ठोकली की माझी वाट न बघता ती पुढच्या दाराशी जाऊन थांबते. मिशी काढायचं एफीनं, म्हणजे माझ्या बायकोनं ठरवलं होतं. "पांढरे केस दिसायला लागलेत," ती म्हणाली होती, "पावात एखादा निघाला तर गिऱ्हाइकं नाव कुणाचं घेतील?" अठरा वर्षं ती मिशी माझ्या तोंडावर होती. आणि अठरा वर्षं केर्नक्रॉस हे नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. एफीला सगळं माहीत होतं, पण तिनंही कधी काढलं नव्हतं.

ड्युगीच्या दुकानात खुर्च्या दोन आणि ड्युगी एक. एकाची दाढी करायची, तोवर दुसऱ्याच्या तोंडाला साबण फासून ठेवायचा, ही त्याची पद्धत. साबण लागला की माणसानं गप्प बसायचं असतं. पण हा म्हातारा साबणातूनही बोलत होता, आणि मोठ्यानं. सँडी कॉर्बेट त्याचं नाव. जहाजांच्या कारखान्यात चाळीस वर्षं बॉयलरवर हातोडे मारलेले, त्यामुळे कान बरेचसे गेलेले. पंधरा दिवसांपूर्वी पलीकडच्या गल्लीत बहिणीकडे राहायला आला होता, एवढं ड्युगीनं मघाशी सांगितलं होतं. "कोण केर्नक्रॉस?" ड्युगी त्याच्या कानाशी वाकून ओरडला. "मी नाव नाही ऐकलं!" म्हातारा खूश झाला. "ऐकशील कुठून? एकच सामना खेळला तो. व्हिक्टोरिया क्लबकडून. एकोणीसशे आठ, फेब्रुवारी. तीन गोल मारले आणि गेला."

एक गोल. मी एकच मारला होता. दोन दुसऱ्यांना करून दिले होते. पण मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. मला पुढं ऐकायचं होतं. त्या दुपारी मी मैदानावर होतो, त्यामुळे तो सामना मी कधी पाहिलाच नव्हता. पायाखालचा चिखल मला माहीत होता, ओल्या चेंडूचं वजन माहीत होतं, बचावाला आलेल्या माणसाच्या तोंडाचा तंबाखूचा वास माहीत होता. पण ते कठड्याबाहेरून कसं दिसलं? एखाद्यानं आपल्या लग्नात आपण कसे दिसलो ते विचारावं, तसं मी विचारलं, "दिसायला कसा होता?" म्हातारा माझ्याकडे वळला. अर्धी मिशी आणि साबण, यांतून त्याला काय दिसलं कोण जाणे. "उंच," तो म्हणाला. "सहा फूट तरी." मी पाच फूट सहा इंच आहे, टाचा उचलल्या तर.

आम्ही क्रेगबर्नचे. खाणीचं गाव. वडील खाणीत, मी खाणीत, आणि शनिवारी दुपारी मी क्रेगबर्न ब्लूबेलकडून खेळायचो. ज्युनियर संघ, म्हणजे पोरांचा नव्हे. कोळशानं डोळ्यांच्या कडा काळ्या झालेली दाढीमिशीवाली माणसं खेळतात तो. ब्लूबेल त्या वर्षी चषकाच्या शर्यतीत होतं, आणि आपला खेळाडू शहरातल्या संघाकडे चाचणीला गेला असं कळलं असतं तर आमच्या कमिटीनं मला संघातूनच नव्हे, गावातून काढलं असतं. म्हणून सगळे करतात तेच मी केलं, खोट्या नावानं खेळायला गेलो. ती रीतच होती. व्हिक्टोरियाचे सेक्रेटरी गिल्क्रिस्ट, वाटोळी काळी टोपी घातलेला बारीक माणूस, पेन्सिल कानावरून काढून म्हणाले, "पेपरात नाव काय देऊ?" मी म्हटलं, "स्मिथ." ते वैतागले. "स्मिथ आता पुरे झाले. गेल्या महिन्यात आम्ही तीन स्मिथ खेळवले, पेपरवाले हसतात. दुसरं सांग." मला दुसरं सुचेना. खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती, 'केर्नक्रॉस, ताजी मासळी'. मी ते वाचलं आणि त्यांनी लिहून घेतलं. मग ते म्हणाले, "आणि ही मिशी काढ. क्रेगबर्नचं कुणी आलं असलं तर?" तिथंच पत्र्याच्या घमेल्यात थंड पाण्यानं मी मिशी काढली. बाहेर पडलो तेव्हा ओठाला वारा लागत होता. ते मला अजून आठवतं. गोल विसरलो असेन, पण ओठाला लागलेला वारा नाही.

त्या दुपारी काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. मी विनयानं म्हणत नाही, खरंच कळलेलं नाही. अठरा वर्षं पहाटे घोडीच्या मागं बसून मी त्यावर विचार केलाय. व्हिक्टोरियाचं मैदान एका बाजूला उतरतं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमचं अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि त्या दिवशी मला त्यावर नाचता आलं. चेंडू आला की पाय आपोआप जायचा. चुकलो तर कुणाचं नाव जाणार होतं? त्या मासेवाल्याचं. गर्दीत माझे वडील नव्हते, कमिटी नव्हती, एफी नव्हती. मला कुणी ओळखत नव्हतं आणि मीही स्वतःला फारसं ओळखत नव्हतो. एका वेळी मी दोघांना चुकवून कोपऱ्यातल्या निशाणापर्यंत गेलो आणि हसलो, मोठ्यानं, एकटाच. खेळताना मी त्याआधी कधी हसलो नव्हतो, नंतरही नाही.

मग सहा आठवड्यांनी ब्लूबेल चषकातून बाहेर पडलं आणि मी व्हिक्टोरियाच्या कागदावर सही केली. खऱ्या नावानं. तोवर मिशी परत आली होती, एफीला ती आवडायची. चाचणीचा खेळाडू पुढं संघात घेतला की क्लब सांगून टाकतो, 'बाबांनो, तो हाच'. पण गिल्क्रिस्ट घाबरले. परवानगीशिवाय खेळवलं म्हणून ब्लूबेल तक्रार करेल, दंड होईल. "जरा थांबू," ते म्हणाले, "हंगाम संपू दे." तोवर माझे तीन सामने खेळून झाले होते, तेही वाईट, आणि सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. सदऱ्यांवर आकडे नसायचे तेव्हा, सदऱ्यात आणि चिखलात सगळे सारखेच. लोकांना एवढंच दिसलं की एक केर्नक्रॉस आला होता, तो गेला, आणि त्याच्या जागी हा मिशीवाला आणून ठेवला.

"त्याच्या जागी पेटिग्रू म्हणून एकाला आणला," म्हातारा आता सांगत होता. गालावरचा साबण वाळून पापुद्रे धरायला लागला होता. "देवा रे!"

"वाईट होता?" मी विचारलं. मग मोठ्यानं विचारलं.

"वाईट नव्हे रे. पेटिग्रूला चेंडू दिला की तो आधी विचार करायचा. चेंडू कंटाळून निघून जायचा."

ड्युगी खो खो हसला. मीही हसलो, कारण हे मला पटलं. अगदी असंच होतं. खऱ्या नावानं खेळताना मला सगळं ऐकू यायचं. आगगाडीनं आलेले क्रेगबर्नचे लोक, त्यांत वडिलांचा खोकला. पाय कुठं पडणार हे पाय पडायच्या आधी कळायचं, आणि कळलं की पाय तिथं पडायचा नाही. सतत वाटायचं, एक पाऊल पुढं कुणीतरी धावतोय, हसतोय, आणि मी त्याच्या मागं लागलोय. गर्दी मला शिव्या द्यायची नाही. शिव्या परवडल्या असत्या. गर्दी त्याला हाका मारायची. 'केर्नक्रॉसला आणा!' दर शनिवारी, मी चेंडू घालवला की. एखाद्याला त्याच्याच थोरल्या भावाचं कौतुक ऐकवावं तसं. फरक इतकाच, की भाऊ नव्हताच. अकरा सामने. मग गुडघा गेला. क्रेगबर्नला परत गेलो नाही, वडिलांसमोर उभं राहायची हिंमत नव्हती. पावाचा गाडा घेतला.

"हिला त्याचं भारी वेड," म्हातारा म्हणाला. कुणाला ते आम्हाला कळलं नाही. त्यानं खुर्चीत नीट बसून घेतलं. "माझी नेट्टा. पोरगी. मला मुलगा नाही, म्हणून तिलाच न्यायचो सामन्याला. सगळे हसायचे. सतरा वर्षांची, दोऱ्याच्या गिरणीत कामाला. गिरणीतल्या पोरींचा आवाज कसा असतो माहीत आहे ना? यंत्रांच्या वरून बोलायची सवय. हे कान गेले तरी तिचं बोलणं तेवढं मला नीट ऐकू यायचं. तिला एकच ध्यास, केर्नक्रॉस गेला कुठं? मैदानासमोर त्याच नावाचं मासळीचं दुकान होतं. गेली की ही तिथं! 'तुमचा कोण हो तो?' मासेवाला छाती फुगवून म्हणतो, 'पुतण्या माझा. कॅनडाला गेला.' पुढं वर्षभर तो सगळ्यांना तेच सांगत होता."

"मग मिटलं की," ड्युगी ओरडला.

"कसलं मिटलं! तिला पटलंच नाही. म्हणायची, 'बाबा, मासेवाला बोलताना माशांकडे बघत होता.'" म्हाताऱ्यानं टॉवेलच्या कडेनं डोळ्यात गेलेला साबण पुसला. "एकोणीसशे अठराच्या तापाच्या साथीत गेली ती. नोव्हेंबरात. सगळं शहर लढाई संपली म्हणून नाचत होतं. गेली त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, तापात नाही हं, चांगली शुद्धीत, 'त्या मासेवाल्याला पुतण्या नव्हताच, बाबा. तुम्ही शोधा हं.' आता मी कुठं शोधू? जाईन तिथं नाव काढतो. ऐकून कुणीतरी काही बोलेल म्हणून."

ड्युगी वस्तरा घेऊन परत माझ्याकडे आला आणि मी हातानं त्याला थांबवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शंभर वेळा वापरली असेन, पण कळशाला काय वाटतं ते मला त्या खुर्चीत कळलं. बोललो तर या म्हाताऱ्याचा सहा फूट उंच, तीन गोलवाला केर्नक्रॉस तिथल्या तिथं मरणार होता आणि त्याच्या जागी पुन्हा पेटिग्रूच येणार होता, गुडघा आखडलेला, अंगाला पावाचा वास असलेला. म्हाताऱ्याचाच नव्हे, नेट्टाचाही केर्नक्रॉस मरणार होता. नाही बोललो तर तो असाच दाढीच्या दुकानांतून नाव काढत फिरणार होता आणि माझी ती एक दुपार अशीच बेवारशी राहणार होती. मला ती दुपार हवी होती, हे खोटं कशाला बोलू? पण त्याहून वेगळी एक गोष्ट होती. तो आवाज मला माहीत होता. हजारो पुरुषांच्या घोगऱ्या गलबल्यात ती एकच बाई, कोपऱ्यातल्या निशाणाजवळ, कठड्याला टेकलेली, गळ्याला हिरवा स्कार्फ. बाकीचे 'केर्नक्रॉसला आणा' म्हणायचे. ती वेगळंच काहीतरी ओरडायची, तेही मला उद्देशून.

"मिस्टर कॉर्बेट," मी म्हटलं, "पेटिग्रू मीच."

"काय?"

"पेटिग्रू! मी! वॉल्टर पेटिग्रू!" एवढं मोठ्यानं मी माझं नाव कधी घेतलं नव्हतं.

तो ओशाळला. "अरे, मी तुझ्या तोंडावरच... राग धरू नकोस, पोरा." मग म्हणाला, "पण खेळायचास वाईटच."

"आणि केर्नक्रॉसही मीच!"

म्हाताऱ्याचा चेहरा साबणाखाली कसा झाला ते दिसलं नाही, पण हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळले गेले. "मेलेल्या पोरीची थट्टा करतोस?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला. मी त्याला सगळं सांगितलं, ओरडून, एकेक वाक्य दोनदा. गिल्क्रिस्ट, तीन स्मिथ, मासळीची पाटी, घमेल्यातलं थंड पाणी. त्यानं माझ्या अर्ध्या तोंडाकडे बघितलं. मान हलवली. "तो उंच होता," तो म्हणाला. "तो हसायचा." ड्युगी मधे पडला, "वॉट खोटं बोलणारा माणूस नाही हो." पण ड्युगी काय, ज्याच्या त्याच्याबद्दल हेच म्हणतो. माझ्याकडे पुरावा नव्हता. खोट्या नावाची गंमतच ती. कागदावर केर्नक्रॉस आहे, तो मी नाही, आणि पेटिग्रू मी आहे, तो तसा खेळलेला नाही. त्या क्षणी मलाही जरा शंका आली. मला वाटलं, म्हातारा बरोबर असेल, तो दुसराच कुणीतरी असेल.

"तुमची मुलगी एक वाक्य ओरडायची," मी म्हटलं. "बाकी कुणी नाही. मी कडेच्या रेघेवरून खेळायचो, म्हणून मला ऐकू यायचं."

"कुठलं?"

मी सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं कान पुढं केला, मी पुन्हा सांगितलं, त्यानं मान हलवली. "तसं नाही," तो म्हणाला. "ती कशी म्हणायची? तसं म्हण."

मी उठून उभा राहिलो. छातीवरचा टॉवेल खाली पडला. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, अर्धी मिशी, दुखरा गुडघा, आणि मी गळा ताणून, गिरणीतल्या पोरीसारखा बारीक आणि फाटका आवाज काढून ओरडलो, "पेटिग्रू! केर्नक्रॉसला कुठं लपवलंस रे?" आवाज मला वाटला त्यापेक्षा बरोबर निघाला. इतकी वर्षं तो आत तसाच होता, मला फक्त तोंड उघडायचं होतं. आरशाच्या फळीवरचे पेले किणकिणले. बाहेर बेलानं आरोळी ऐकली आणि ती रिकामा गाडा ओढत शिस्तीत पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

ड्युगीनं वस्तरा हळूच खाली ठेवला. म्हातारा म्हणाला, "रे. 'लपवलंस रे.' तो 'रे' असाच लांबवायची." आणि मग त्यानं तोंडावरचा वाळलेला साबण दोन्ही तळहातांनी चोळून काढला, आणि मला त्याचा चेहरा पहिल्यांदा दिसला. मी काही तिच्या तोंडाकडे नीट बघितलेलं नव्हतं, पण हनुवटी तीच होती असं मला वाटलं.

एक गोष्ट मी त्याला सांगणार नव्हतो. अकराव्या सामन्यात चेंडू माझ्या पायात होता, त्यांचा बचावपटू समोरून येत होता, आणि कोपऱ्यातून ती ओरडली. दर वेळी मी ऐकून पुढं जायचो. त्या दिवशी मी थांबलो आणि वळून तिच्याकडे बघितलं. तेवढ्यात तो माणूस पूर्ण वजनानं माझ्या गुडघ्यावर आला. कुणाच्या मेलेल्या मुलीच्या माथी हे कशाला मारायचं? मी खाली बसलो, टॉवेल उचलला, झटकला.

"तुझा गुडघा गेला त्या दिवशी आम्ही होतो," म्हातारा म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, आणि मीही जवळ सरकलो होतो. "घरी येईपर्यंत रडली. मी म्हटलं, अगं, पेटिग्रूसाठी कशाला रडतेस, बरं झालं, आता दुसरा आणतील. तर म्हणते, 'बाबा, तो माझ्याकडे बघत होता. मला काहीतरी सांगणार होता, आणि तेवढ्यात त्याला पाडलं.' किती दिवस तेच. 'काय सांगणार असेल हो?' केर्नक्रॉसपेक्षा जास्त तिला त्याचंच लागून राहिलं होतं." त्यानं माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग तोंडाकडे. "काय सांगणार होतास?"

अठरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. उत्तर मात्र तयार होतं, तोंडाशी आलेलं, चेंडूसकट तिथंच राहिलेलं.

"इथंच आहे," मी म्हटलं. "असं सांगणार होतो. 'अगं, इथंच आहे.'"

त्याला ते पहिल्या खेपेलाच ऐकू गेलं. तो मागं टेकला आणि डोळे मिटून बसला, ओठ हलत होते, पण ते काही आमच्याशी बोलणं नव्हतं. मग डोळे न उघडता त्यानं हात वर केला.

"ड्युगी," तो म्हणाला, "माझी दाढी राहू दे. आधी याची उरलेली मिशी काढ. मला याला नीट बघू दे."